इओसिनोफिलचा आकडा रिपोर्टात होता, वाचला कोणी नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

दम्यावरचा तुमचा लेख चांगला होता पण मोठेपणी अचानक सुरू होणाऱ्या दम्याबद्दल एक गोष्ट राहून गेली म्हणून लिहितोय.

ताईला चाळिशीनंतर दमा लागला, आधी साधी धापही नव्हती. मग नाकातल्या पॉलिपचं (आत वाढणाऱ्या मऊ गाठीचं) ऑपरेशन, इनहेलर, जास्त झालं की पाच दिवस स्टिरॉइड, गोळ्या चालू असेपर्यंत एकदम बरी आणि बंद केल्या की परत तेच. रक्ताच्या जवळजवळ प्रत्येक सीबीसी तपासणीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले, एकदा तर 22 टक्के, पांढऱ्या पेशी 11,000 म्हणजे हिशोबाने 2,400 च्या वर, जिथे 500 च्या आत हवेत. यावर उत्तर काय तर अ‍ॅलर्जी, नाहीतर जंत. जंत बघायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही, पण तीनदा औषध देऊनही आकडा हलला नाही तेव्हा तरी कोणीतरी थांबायचं ना?

मग एक दिवस चालताना तिची उजवी चप्पल निसटली आणि हिला पत्ताच नाही, दोन पावलं तशीच पुढे. पंजा उचललाच जात नव्हता. मणका असेल म्हणून एमआरआय झाला, त्यात काही नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर लावले आणि दमा, पॉलिप, इओसिनोफिल, पाय हे एकत्र वाचलं. ईजीपीए, जुनं नाव चर्ग-स्ट्रॉस, 1951 सालापासून माहीत असलेला आजार. यात बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते (व्हॅस्क्युलायटिस), नसेला म्हणजे मज्जातंतूला रक्त कमी पडतं.

आन्का टेस्ट (अशा आजारात बघतात ती रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून आम्ही खूश, तर बाई म्हणाल्या निम्म्याहून जास्त पेशंटना ती निगेटिव्हच येते, उलट अशांच्या हृदयाकडे जास्त बघावं लागतं, आणि लगेच इको काढायला लावला. नसेच्या बायोप्सीत मग इओसिनोफिल दिसले.

या आजाराच्या 2022 च्या निकषांत 1,000 किंवा जास्त इओसिनोफिलला 5 गुण, दम्याला 3, पॉलिपला 3, आणि 6 पुरतात. (व्हॅस्क्युलायटिस आहे हे ठरल्यावरच ते लावायचे असतात, मान्य.) तरी ताईचे 11 चप्पल निसटायच्या आधीच झाले होते! आणि मधेमधे दिलेल्या स्टिरॉइडने आकडा खाली यायचा तो वेगळाच.

आता ती स्प्लिंट लावून चालते, पंजा थोडा उचलतो. पुढच्या लेखात हे चार ओळीत तरी छापा.

आपला,
एक वाचक