मांडीतलं एक मिलिग्रॅम

महोदय,

‘बाळ आत्ता जन्मलंय, लगेच सुई कशाला?’ असं म्हणून ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन नाकारणारे आईबाप आता भेटतात, असं माझी एक जुनी सहकारी परवा सांगत होती. लेबर रूममध्ये मी ३१ वर्षं काढली. प्रश्न रास्तच आहे. राग येतो तो त्यावर नुसतं ‘नियम आहे’ म्हणणाऱ्यांचा.

रक्त गोठवणारे चार घटक यकृतात कामाचे व्हायला हे जीवनसत्त्व लागतं. वारेतून ते बाळाला जेमतेम मिळतं, आईच्या दुधातही फार थोडं असतं. (म्हणून वरचं दूध सुरू करू नका हो, अंगावरच पाजा. इंजेक्शन त्यासाठीच आहे.)

नोकरीच्या सुरुवातीचं एक बाळ मला विसरता येत नाही. पाच आठवड्यांचं, अंगावर पिणारं, गुटगुटीत. दोन दिवस आधी नाकातून रक्ताचा थेंब आला होता. नख लागलं असेल म्हणून आईनं पुसून टाकला. आमच्याकडे आणलं तेव्हा ते ओकत होतं, रडणं किनरं, टाळू हाताला ताठ लागत होती. सुई टोचली तिथला कापूस मी तीनदा बदलला, तरी भिजतच होता. डिस्चार्ज कार्डावर ‘व्हिटॅमिन के’समोरची जागा कोरी. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बाळ वाचलं, पण त्याची उजवी मूठ पुढे कधी नीट उघडली नाही.

हा रक्तस्राव जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. इंजेक्शन ही लस नव्हे. मांडीत एकदाच १ मिलिग्रॅम, एक किलोच्या आतल्या बाळाला त्याच्या निम्मं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९६१ सालीच ते सगळ्या नवजात बाळांना द्यायला सांगितलं. यानं कॅन्सर होतो ही १९९० च्या दशकातली भीती नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकली नाही. तोंडावाटेही देतात, पण त्याचे डोस पुन्हापुन्हा द्यावे लागतात आणि एखादा हमखास राहतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत एक चौकट छापाल का? घरी जाण्याआधी कार्डावरची ती नोंद वाचा. बेंबीतून किंवा नाकातून रक्त आलं, उगाच काळेनिळे डाग दिसले, दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली किंवा शी पांढुरकी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

– एक निवृत्त परिचारिका