ओव्हनशिवाय होणारे दाणे-चॉकलेटचे लाडू: वहिनींना पत्र

कोलंबस, ओहायो

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार.

विनंती विशेष. मुलांच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत, दोघेही दुकानातल्या चॉकलेटसाठी रोज हट्ट धरतात आणि आपल्या घरी ओव्हन नाही, तेव्हा घरच्या घरी काही करता येईल का, असे तुम्ही परवा फोनवर विचारले होते. असे पदार्थ फोनवर नीट सांगता येत नाहीत. सांगायचे अर्धे राहून जाते. म्हणून आज सवडीने बसून सविस्तर लिहीत आहे.

इथे ओहायोमध्ये बकाय नावाची एक मिठाई घरोघरी होते. बकाय हे या राज्याचे झाड. त्याचे बी गडद तपकिरी असून त्यावर फिकट ठिपका असतो. ते बी विषारी आहे, पण त्याच्या रूपावरून लोकांनी मिठाई बसवली: पीनट बटरचे गोळे वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे आणि वर रुपयाएवढा भाग उघडा ठेवायचा. भाजणे नाही, तळणे नाही, फ्रिजमध्ये ठेवले की झाले. मात्र मूळ कृतीत लोणी भरपूर पडते आणि पुष्कळ घरांत पिठीसाखर तर वजनाने पीनट बटरपेक्षाही जास्त घालतात. इथल्या मैत्रिणींकडे मी ती आवडीने खाते, परंतु आपल्या मुलांच्या हातात रोज द्यावी अशी ती नाही. म्हणून मी घरी तिचे वेगळे रूप करते. त्यात लोणी आणि पिठीसाखर अजिबात नसते. शेंगदाणे, खजूर, ओट्स, कोको आणि थोडे खरे डार्क चॉकलेट एवढ्यावर ते लाडू उत्तम होतात. चॉकलेट सोडले तर यातले सगळे तुम्हाला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात एका फेरीत मिळेल.

प्रमाण असे घ्यावे: शेंगदाणे पाव किलो, बी काढलेला मऊ खजूर 120 ग्रॅम, ओट्स 80 ग्रॅम, कोको पावडर दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि वरच्या आवरणासाठी डार्क चॉकलेट 120 ग्रॅम. सुपारीपेक्षा थोडे मोठे, असे साधारण तीस लाडू होतात.

या पदार्थाचा सगळा जीव दाण्यांत आहे, तेव्हा त्याविषयी जरा जास्त लिहिते. दाणे आधी ताटात पसरून निवडावेत. सुरकुतलेला, काळवंडलेला किंवा बुरशीचा वास येणारा एकही दाणा ठेवू नये, कारण ओलीने खराब झालेल्या दाण्यांवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. मग जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, सतत हलवत, दाणे आतपर्यंत भाजावेत. मोठ्या आचेवर सालांवर डाग पडतात आणि आतला दाणा कच्चा राहतो. अशा दाण्यांच्या बटरला कच्चट वास येतो आणि कोकोने तो झाकला जात नाही. एक दाणा फोडून पाहावा, आतून फिकट सोनेरी दिसला की गॅस बंद करावा. हाताला सोसेल इतपत निवले की चोळून साले काढावीत आणि सुपात पाखडावेत.

दाणे कोमट असतानाच मिक्सरच्या लहान भांड्यात घालावेत. पहिल्यांदा आपला नेहमीचा कूट होतो. तसेच फिरवत राहिले की तो कडांना चिकटून पात्यापासून दूर जातो. तेव्हा मिक्सर बंद करून कोरड्या चमच्याने त्याला खाली ढकलावे. पुढे त्याचा घट्ट गोळा होतो आणि मिक्सरचा आवाज जड येऊ लागतो. अशा वेळी वरून तेल ओतण्याचा मोह होतो, पण ते ओतू नये. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेलच असते, फक्त ते सुटायला वेळ लागतो. भांडे दोन-तीन मिनिटे निवू द्यावे आणि थांबत थांबत पुन्हा फिरवावे. हळूहळू गोळा सैल पडतो, त्याला चकाकी येते आणि मिश्रण चमच्यावरून सलग धारेने पडू लागते. हेच पीनट बटर. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पीनट बटर म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात निदान 90 टक्के शेंगदाणे असावे लागतात, आणि उरलेल्या भागात बहुधा साखर, मीठ आणि तेल वर तरंगू नये म्हणून घातलेले घट्ट वनस्पती तूप असते. घरच्या बटरमध्ये शंभर टक्के दाणेच असतात, आणि तुमच्या हातचा खमंग भाजलेला दाणा कोणत्याही बरणीतल्या बटरपेक्षा सरस लागेल, याची मला खात्री आहे.

आता गोडाविषयी. तुम्ही म्हणालात की साखरेऐवजी गूळ घालू. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याची चव मला इथे फार आठवते. तरीही या लाडवांत तो घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गुळात थोडे खनिज असते हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग साखरेचाच आहे, आणि गूळ म्हटले की आपला हात सैल सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर, मध आणि रसांतली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. हे 5 टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 25 ग्रॅम, सहा लहान चमचे. गूळ याच हिशेबात धरावा लागतो. अख्खा खजूर वाटून घातला तर त्याचा चोथाही पोटात जातो, गोडी पुरेशी येते आणि लाडू वळायला दुसरे काही लागत नाही. खजूरही गोडच आहे, म्हणून सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घालू नये. खजूर कोरडा असेल तर दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून फडक्याने अगदी कोरडा करावा, कारण ओल राहिली तर लाडू लवकर बिघडतात.

ओट्स तयार करतानाच वाफवून चपटे केलेले असतात, त्यामुळे ते न शिजवता चालतात. तरी कढईत पाच मिनिटे कोरडे परतून जाडसर फिरवले की चव खुलते. ओट्स नसतील तर राजगिऱ्याच्या लाह्या घ्याव्यात. त्यांचा कुरकुरीतपणा मला तर ओट्सपेक्षा अधिक आवडतो. कच्ची कणीक किंवा मैदा मात्र अशा न शिजवलेल्या पदार्थात कधीही घालू नये. वाटलेला खजूर, पीनट बटर, ओट्स, कोको आणि मीठ परातीत एकत्र मळले की तिळगुळाच्या मिश्रणासारखा मऊ, तेलकट गोळा होतो. लाडू वळून ताटात ठेवावेत आणि अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यावेत.

चॉकलेट घेताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. केकचे सामान विकणाऱ्या दुकानांत ज्या स्वस्त, मोठ्या लाद्या मिळतात त्या पुष्कळदा कंपाउंड चॉकलेटच्या असतात. त्यांत कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी असते आणि साखर भरपूर. ते वापरायला सोपे जाते म्हणून लोक घेतात, पण आपल्याला ते नको. यादीत कोको बटर असावे, दुसरी चरबी नसावी आणि कोकोचे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास असावे. पहिल्यांदा मुलांना ते कडू वाटले तर 55 टक्क्यांचे घेऊन हळूहळू वर जावे. कोको पावडर गोड पेयाची घेऊ नये, साखर नसलेली घ्यावी. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, पुत्तूरला, सुपारी आणि कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा 1986 पासून चॉकलेटचा कारखाना आहे. सहकाराच्या मुलखात वाढलेल्या आपल्या दादाला हे नक्की सांगा.

चॉकलेट वितळवताना पाण्याचा एक थेंबही आत जाऊ देऊ नये. पातेल्यात दोन बोटे पाणी तापवावे, त्यावर कोरडे वाडगे असे बसवावे की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही, आणि गॅस बारीक करून चॉकलेटचे तुकडे हलवत राहावे. वाफेचे पाणी आत पडले तर चॉकलेट क्षणात रवाळ आणि घट्ट होते, मग त्यात लाडू बुडत नाहीत. दोन-तीन तुकडे शिल्लक असतानाच वाडगे खाली उतरवावे, उरलेले आपल्या उष्णतेने विरघळतात. लाडू काट्यावर घेऊन अर्धाच बुडवावा. सगळा बुडवला तर चॉकलेट दुप्पट लागते आणि दाण्याची चव मागे पडते.

कोल्हापूरच्या हवेसाठी एक बदल आवश्यक आहे. इथल्या कृतींत चॉकलेट पातळ व्हावे म्हणून खोबरेल तेल घालतात. इथे थंडीत ते घट्ट राहते, पण साधारण 24 अंशांना ते वितळते आणि कोको बटर सुमारे 34 अंशांना. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी 35 अंशांच्या वर पारा जातो, तेव्हा खोबरेल घातलेले आवरण बाहेर काढल्याबरोबर हाताला लागेल. म्हणून ते तेल वगळावे, लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्येच ठेवावेत आणि आठवडाभरात संपवावेत. चॉकलेटवर पांढरट झाक आली तर ती बहुधा वर आलेल्या चरबीची असते, घाबरण्याचे कारण नाही. वास खवट आला तर मात्र लाडू टाकून द्यावेत. पन्हाळ्याला सहलीला जाताना हे लाडू नेऊ नका, त्यासाठी आपली चिक्कीच बरी.

मी हिशेब केला, तो असा: एका लाडवात सुमारे 95 उष्मांक, 3 ग्रॅम प्रथिने आणि 4 ग्रॅम साखर येते. त्यातली वरून घातलेली साखर, म्हणजे चॉकलेटमधली, सव्वा ग्रॅमच्या आसपास आहे, बाकीची खजुराची. तरी दाण्यांमुळे उष्मांक कमी नाहीत, तेव्हा मुलांना दिवसाला एक, फार तर दोन. डबा त्यांच्या हाती देऊ नका. नानांना मधुमेह असल्यामुळे त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच खावा, आणि खाल्ला तर त्या दिवशी दुसरे गोड खाऊ नये. ‘खजुराचा आहे, चालतो’ असे म्हणून ते तीन खातील, आणि आई त्यांना अडवणार नाहीत, म्हणून हे तुमच्यावर सोपवते.

धाकटी अजून चार वर्षांची नाही. तिला अख्खा दाणा देऊ नये, आणि लाडूही चपटा करून लहान लहान तुकड्यांत, समोर बसवूनच द्यावा, कारण घट्ट बटरचा गोळाही लहान मुलांच्या घशात अडकू शकतो. वाड्यातल्या इतर मुलांना देण्यापूर्वी त्यांच्या आयांना विचारावे. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडे क्वचित ऐकू येते, पण ती जिवावर बेतू शकते. इथे माझ्या लेकाच्या वर्गात डब्यात दाणे आणायलाच मनाई आहे, त्यामुळे हे लाडू तो शाळेतून आल्यावरच खातो.

उन्हाळ्यासाठी आणखी एक सोपी गोष्ट. पिकलेल्या केळ्याच्या चकत्यांवर थोडे पीनट बटर लावून, दोन-दोन जोडून गोठवाव्यात आणि मग वितळलेल्या चॉकलेटमध्ये अर्ध्यापर्यंत बुडवाव्यात. खजूरही लागत नाही. थोरल्याला हे काम एकट्याला करू द्या. गॅसपाशी मात्र तुम्ही उभ्या राहा.

पहिल्या खेपेला निम्म्याच प्रमाणात करून पाहा. मिक्सर तापून बंद पडत असेल तर दाणे दोन वाट्यांऐवजी एक-एक वाटी घालून फिरवावेत. चॉकलेटच्या वेष्टनावरील घटकांचा फोटो पाठवलात तर कोणते घ्यावे ते मी लगेच कळवीन.

आई-नानांना साष्टांग नमस्कार, दादाला नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली,
नणंद