ब्रिटनची सीमा गेली कुठे?

प्रिय अवि,

तुझं पत्र पोचलं. फोनवर या विषयावर आपल्या दोघांचाही आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून लिहूनच उत्तर देतोय. तू म्हणतोस, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं ते बरंच झालं. आपल्याकडे कुणी यायचं हे ज्याला ठरवता येत नाही तो देश कसला, आणि एवढ्याशा बेटावर माणसं तरी किती मावणार?

यातलं पहिलं मला मान्य आहे. आत कुणाला घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांचाच, आणि तसं म्हणणारा माणूस लगेच वंशद्वेष्टा ठरत नाही. माझं भांडण त्यापुढच्या उडीशी आहे. सीमा, लोकसंख्या आणि संघाचं सदस्यत्व हे तीन वेगवेगळे प्रश्न २३ जून २०१६ च्या ‘संघात राहायचं की बाहेर पडायचं’ या सार्वमतात एकाच मतपत्रिकेवर कोंबले गेले, आणि पहिल्या दोन्हींचं उत्तर तिसऱ्यात आहे असं लोकांना सांगितलं गेलं.

लिंकनशरमधल्या बॉस्टनचं बघ. बाहेर पडण्याच्या बाजूने सगळ्यात मोठा कौल तिथला, ७५.६ टक्के. भोवती कोबी-फ्लॉवरची, बटाट्याची शेतं आणि भाजी निवडून पॅक करणारे कारखाने. २००४ मध्ये पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया हे देश संघात आले आणि तिथली तरुण मंडळी या कामाला येऊ लागली. २००१ ते २०११ या काळात तिथली लोकसंख्या साधारण १६ टक्क्यांनी वाढली. लंडनला याचं काही वाटलं नसतं. पण जिथे बाहेरचं माणूस क्वचित दिसायचं तिथे डॉक्टरकडे नंबर लागेना, शाळेत इंग्रजी न येणारी मुलं एकदम वाढली, भाडी वाढली, एकेका घरात मजूर दाटीवाटीने राहू लागले. ‘फार झालं’ म्हणणाऱ्या या लोकांना शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी अडाणी म्हणून झटकलं. मला त्याचा आजही राग येतो. ज्या लंडनमध्ये परदेशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथे साधारण ६० टक्के लोकांनी संघात राहायचं म्हटलं. म्हणजे लोकांना खुपला तो आकड्यापेक्षा वेग.

आता तो वेग कुणी ठरवला? नव्या सदस्य देशांतल्या कामगारांवर सात वर्षांपर्यंत निर्बंध ठेवायची मुभा जुन्या सदस्यांना होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती २०११ पर्यंत पुरेपूर वापरली. पहिल्या दिवसापासून दार सताड उघडलं ते फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने. ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अंदाजात वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार माणसं धरली होती, आणि त्यात जर्मनीही दार उघडेल असं गृहीत होतं. प्रत्यक्षात इंग्लंड आणि वेल्समधल्या पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या २००१ च्या जनगणनेत ५८ हजार होती, ती २०११ मध्ये ५ लाख ७९ हजार झाली.

बरं, संघाचा मुक्त संचार, म्हणजे कुठल्याही सदस्य देशात जाऊन राहायची, काम करायची नागरिकांना असलेली मुभा, तीही बिनशर्त नव्हतीच. तीन महिन्यांनंतर राहायचं तर नोकरी, व्यवसाय किंवा पोटापुरती सोय दाखवावी लागे. बेल्जियममध्ये अशा रहिवाशांची सक्तीची नोंदणी होती, ब्रिटनने तशी निवास-नोंदणी कधी सुरूच केली नाही. लोकसंख्या झपाट्याने वाढलेल्या भागांना मदत म्हणून २००९ च्या सुमारास एक निधी काढला, तोही पुढच्या सरकारने २०१० मध्ये गुंडाळला. आणि पासपोर्ट तर ब्रिटनच्या सीमेवर कायमच तपासले जायचे, कारण शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातली पासपोर्ट-तपासणी काढून टाकलेल्या देशांच्या गटात, ते कधी गेलंच नव्हतं. अवि, यातलं ब्रुसेल्सने, म्हणजे संघाच्या मुख्यालयाने, काय केलं ते मला सांग. डॉक्टर, घरं, शाळा हे सगळं वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसद आणि सरकारच्या, हातात होतं, आणि बॉस्टनकडे पाठ फिरवली तीही वेस्टमिन्स्टरनेच.

तू लिहिलंस की ‘निदान आपल्यासारख्यांना तरी आता समान न्याय मिळतो’, म्हणजे भारतीयांना आणि युरोपीयांना आता एकच नियम. या वाक्यावर मी बराच वेळ अडलो, कारण त्यात जुनी जखम आहे आणि ती खरी आहे. १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपीय समुदायात गेलं. त्याच दिवशी १९७१ चा इमिग्रेशन कायदाही लागू झाला, म्हणजे राष्ट्रकुलातल्या माणसांसाठी वाट आवळली आणि युरोपीयांसाठी मोकळी झाली, दोन्ही एकाच दिवशी. त्याआधी १९६८ मध्ये केनियातून येणाऱ्या, हातात ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना रोखणारा कायदा संसदेने तीन दिवसांत उरकला होता. ही अढी मनात ठेवून आपल्यातल्या अनेकांनी बाहेर पडायला मत दिलं, हे मी समजू शकतो. पण दुसरी बाजूही बघ. त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत होतं, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून. पंधरा वर्षं तिथेच कर भरणाऱ्या फ्रेंच नर्सला नव्हतं, आणि निकालाने आयुष्य बदलणार होतं ते तिचं. हे मला तेव्हाही टोचलं होतं.

आता लोकसंख्येबद्दल. संघात असताना युरोपीयांची संख्या थेट अडवता येत नव्हती, तुझा हा मुद्दा बरोबर आहे. पण बाकी जगातून येणाऱ्यांचा व्हिसा आधीपासून ब्रिटनच्याच हातात होता, आणि तीही संख्या दरवर्षी लाखाच्या पुढेच होती. येणाऱ्यांतून जाणारे वजा केले तर २०१६ च्या सुमाराला ही भर तीनेक लाख होती. मुक्त संचार संपल्यानंतर, २०२३ च्या आसपास, तो आकडा ९ लाखांच्या वर गेला. युरोपीयांच्या जागी भारत, नायजेरिया, चीन, पाकिस्तानातून विद्यार्थी आणि वृद्धांची सेवा करणारे कामगार आले, शिवाय युक्रेन आणि हाँगकाँगमधून लोक आले. हे व्हिसे ब्रिटिश सरकारने स्वतः, पूर्ण अधिकारात दिले. कारण विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर चालतात, आणि म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, भरवायला त्या पगारात माणूस मिळत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०२३ मध्ये साधारण १.४ होता. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात ब्रिटनमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त झाले, म्हणजे लोकसंख्येतली वाढ सगळीच्या सगळी स्थलांतराची. मग २०२४ मध्ये कुटुंब आणण्यावर बंधनं घातली आणि वर्षाची भर निम्म्याहून खाली उतरली. किती माणसं हवीत आणि त्यांच्यासाठी घरं कोण बांधणार, हा हिशेब घरातच मांडायचा होता. तो कुणालाच मांडायचा नव्हता, म्हणून ब्रुसेल्सकडे बोट दाखवणं सोयीचं पडलं.

प्रचारात एक पोस्टर झळकलं होतं, तुला आठवत असेल. माणसांची लांबच लांब रांग, वर ‘आता कडेलोट’ अशा अर्थाचे शब्द. तो फोटो २०१५ मधला, स्लोव्हेनियाच्या सीमेवरच्या निर्वासितांचा. ते युरोपीय नागरिक नव्हते, मुक्त संचाराशी त्यांचा संबंध नव्हता. १६ जूनला ते पोस्टर आलं, आणि त्याच दिवशी संघात राहण्याच्या बाजूच्या खासदार जो कॉक्स यांचा भर रस्त्यात खून झाला. दोन्हींचा सांधा मी जोडत नाही. पण ते दिवस किती विखारी होते हे विसरून त्या मतदानाबद्दल बोलता येत नाही.

आणि आयर्लंड. तुझ्या पत्रात आयर्लंडचं नावच नाही, अवि, आणि सीमेचा खरा प्रश्न तर तिथेच होता. ब्रिटनमध्ये असलेलं उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेकडचा स्वतंत्र आयर्लंड यांच्यामधली जवळपास ५०० किलोमीटरची रेषा, तिला ओलांडणारे दोनशेहून जास्त रस्ते. एखाद्याचं घर उत्तरेत तर शेत दक्षिणेत. उत्तरेने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडला मिळायचं, यावरून झालेल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं गेली. १९९८ चा शांतता करार झाल्यावर लष्करी चौक्या हळूहळू हटल्या. जकात नाकी त्याआधीच, १९९३ च्या एकसंध बाजारपेठेमुळे गेली होती. दोन्ही देश एकाच संघात असल्यामुळे ती रेषा नकाशापुरती उरली आणि लोकांना सुखाने जगता आलं. ब्रिटन बाहेर पडलं की मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागणार होती. जमिनीवर केली तर शांततेला धोका, म्हणून ती समुद्रात सरकली. आज ग्रेट ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाला कागदपत्रं लागतात, लार्न आणि बेलफास्टच्या बंदरांत तपासण्या होतात. ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर करारानंतर त्या सौम्य झाल्या, संपल्या नाहीत. सीमा ताब्यात घ्यायला निघालेल्या देशाने स्वतःच्याच दोन भागांमध्ये सीमा आखून घेतली! उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के मतदारांनी राहायचं म्हटलं होतं. जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर, दोन विरोधी पक्षांचे माजी पंतप्रधान, मतदानाच्या दोन आठवडे आधी डेरीला जाऊन याच धोक्याबद्दल एकत्र बोलले. इंग्लंडमध्ये कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

म्हणून तुझ्याकडून एका प्रश्नाचं सरळ उत्तर हवंय. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ६२ टक्क्यांनी युरोपीय संघात राहायचं म्हटलं, तरी त्याला बाहेर जावं लागलं. लंडनच्या संमतीशिवाय तिथे स्वातंत्र्यावर नवं सार्वमत घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. ज्या हक्काच्या जोरावर तू ब्रिटनला युरोपातून बाहेर काढतोस, तोच हक्क स्कॉटलंडने ब्रिटनकडे मागितला तर देशील? आणि ते मग युरोपीय संघात गेलं, तर इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या बेरिकपाशी जकात नाकं बसवायला तुझी तयारी आहे का? पुढच्या पत्रात बाकी काही नको, एवढंच लिही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
नंदू