दादांच्या मागं मागं

अंबड, जि. जालना
मृग लागून आठवा दिवस

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "त्या रात्री पिक्चर अर्धा टाकून का गेलास?" इतकी वर्षं झाली, तरी तू ते मनात धरून आहेस. फोनवर सांगायला जमेना, म्हणून कागद घेऊन बसलोय.

2019चा पावसाळा. औरंगाबादला औरंगपुऱ्यातली आपली खोली, उलट्या बादलीवर ठेवलेला तुझा लॅपटॉप, आणि आपण पाच जण 'गाभ्रीचा पाऊस' बघत होतो. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि अलकाला धास्ती बसते, आपला नवरा किस्नाही तसंच काही करून घेईल. मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागावर लावते. बाप जाईल तिकडं पोरगं. खोलीत सगळे हसले, तूही हसलास. तुमचा राग नव्हता रे मला. ते दाखवलंयच असं की हसू येतं, आणि मला वाटतं ते तसंच दाखवायला पाहिजे होतं. पण माझा घसा आवळला. पाणी आणतो म्हणून खाली उतरलो आणि चालत क्रांती चौक गाठला.

दिनूचं ते काम मी केलेलं आहे. सहावीत असताना, 2012-13च्या दुष्काळात.

तेव्हा गावातली म्हातारी माणसं म्हणायची, बहात्तरला खायला दाणा नव्हता, पण प्यायला पाणी होतं. औंदा दाणा मिळतोय, पाणी नाही. जायकवाडी मृतसाठ्यावर आली होती. आमची दोन एकर मोसंबी, सात वर्षांची. तुला मोसंबीचं माहीत नसेल. बहार धरायच्या आधी झाडाचं पाणी बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताण बसला, पानं पिवळी पडून गळाली, की पाणी सोडून ताण तोडायचा. मग झाड फुलानं लदलदून येतं. ताण कधी तोडायचा हे दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, नुसतं पान चुरगाळून कळायचं. आजूबाजूचे लोक विचारायला यायचे. त्या वर्षी ताण कोणी दिला नव्हता, तो बसला होता, आणि तोडायला विहिरीत पाणी नव्हतं. टँकर विकत घेतले. मायचे मणी त्यात गेले, मग हातउसने. होळीनंतर टँकरही थांबले. एवढी मोठी झाडं शेवटी सरपणाच्या भावानं गेली.

त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवर एकानं औषध घेतलं. संध्याकाळी मायनं मला न्हाणीपाशी बोलावलं आणि म्हणाली, "दादांच्या मागं मागं राय. पण त्यांला कळू देऊ नको." का, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला कळलं होतं.

मग शाळा सुटली की दप्तर टाकून मी रानात. दादा बांधावर बसले की मी बाभळीमागं. विहिरीपाशी उभे राहिले, की माझ्या पोटात गोळा यायचा. त्या विहिरीत बुडण्याइतकं पाणीच नव्हतं, हे कळत असूनही यायचा. घरातली फवारणीच्या औषधाची बाटली मी उकिरड्यात पुरली. ते आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर चार दिवसांनी, तू झोपल्यावर, तोच पिक्चर मी एकट्यानं पूर्ण बघितला. अलका नवऱ्याला खूश ठेवायला घरात गोडधोड करते, तिथं मात्र मी थांबलो. गड्या, मला तो उन्हाळा खाण्यापिण्याची चंगळ म्हणून आठवायचा! एक दिवसाआड येसराची आमटी, धपाटे, गुळाचा शिरा. दुष्काळात एवढं कसं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. माझं काम मला ठाऊक होतं, मायचं काम काय चाललंय हे मला वयाच्या अठराव्या वर्षी एका पिक्चरनं सांगितलं. मला नुसतं मागं जायचं होतं. तिला रोज चुलीपुढं बसून, आज हा माणूस जेवून हात धुवील ना, एवढंच बघायचं होतं.

शेतकऱ्यावरचे बरेच पिक्चर मला बघवत नाहीत. झाड, दोर, आणि ऊर बडवणारी बाई, एवढ्यात ते उरकतात. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात कोणी रडलं नाही. शिरा होता आणि एकमेकांकडं चोरून बघणं होतं. 'गाभ्रीचा पाऊस'ची गोष्ट विदर्भातली, बोली वऱ्हाडी, तरी ते मला तिथंच सापडलं.

आणि तुझं माझ्यावर देणं आहे. 'फँड्री' बघितला त्या रात्री, डुकरं धरताना जब्या शाळेतल्या पोरांपासून तोंड लपवतो तिथं तू माझा हात धरलास. मग पहाटेपर्यंत सांगत राहिलास: आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर, तू मोळ्यांनी भरलेल्या गाडीवर, आणि रस्त्यात वर्गातली पोरं दिसली की पाचटात डोकं खुपसायचास. तू तुझं सगळं माझ्यापुढं ठेवलंस आणि मी माझं गिळून बसलो. ते मला टोचत राहिलंय.

गेल्या रविवारी लाईट नव्हती. ओसरीवर दादांना मोबाईलवर 'गाभ्रीचा पाऊस' लावून दिला. मी मुद्दामच लावला, छातीत धडधडत होतं. दिनू बापाच्या मागं निघाला तेव्हा दादा हसले, अगदी तुझ्यासारखे. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुझ्या चपला लई वाजायच्या. अन् कधी कधी तर तू अनवाणीच पळत यायचास. म्हणून मी बांधाच्या कडंकडंनं, सावली धरून चालायचो."

आत माय भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला.

पेरणी उरकली की ये. मागच्या साली दीडशे रोपं पुन्हा लावलीत, ठिबकवर आहेत. दादा तुला दाखवायचं म्हणतात.

तुझाच,
दोस्त