ताईंना पत्र: वीस बाइटच्या फायली आणि रिस्टोअरची वही

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र उघड लिहितोय. आमच्यासारख्या दूध संस्था कृष्णाकाठी गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या एखाद्या सर्व्हरवर आज रात्रीही बॅकअप म्हणून वीस बाइटची, आतून रिकामी फाइल तयार होत असेल. तिथला संगणक बघणाऱ्या माणसापर्यंत हे पोचावं.

गेल्या श्रावणात, गणपती आठ दिवसांवर आलेले असताना, आमच्या सर्व्हरची हार्ड डिस्क गेली. दुसऱ्या दिवशी दहा दिवसांचं बिल काढायचं होतं. चौदा केंद्रांचं दोन वेळचं संकलन, प्रत्येकाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, पशुखाद्याची उचल, कर्जाची कपात, सगळं त्या एका डेटाबेसात. बॅकअप आहे, असं मी चेअरमनसाहेबांना सांगूनही टाकलं होतं. मग दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर उघडला. महिनाभराच्या फायली तारखेनुसार ओळीनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकीचा आकार वीस बाइट. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

तुमच्या आईंना त्या सकाळी दुधाची पावती हातानं लिहून दिली होती. माहेरी आलेल्या तुम्ही ती पावती बघितलीत, काय झालं ते विचारलंत आणि तशाच संस्थेत आलात. तुमचं पहिलं वाक्य होतं, “आधी मशीन बंद करा. परत परत चालू करून बघू नका.” तोवर मी ते चार वेळा चालू केलं होतं.

पुढचे दोन दिवस तुम्ही आमच्या स्टोअरच्या खोलीत खाद्याच्या पोत्यांशेजारी बसून काढलेत. डीडीरेस्क्यू लावून आधी त्या डिस्कची प्रत घेतलीत. हा प्रोग्राम चांगला भाग पटापट उचलून घेतो, बिघडलेल्या सेक्टरांकडे शेवटी वळतो, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्या प्रतीवर मायएसक्यूएल, म्हणजे आमचा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम, जबरदस्तीच्या रिकव्हरीत चालू केलंत, पातळी एकवर. ही पातळी सहापर्यंत जाते आणि चारपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून मूळ डिस्कला हात लावायचा नाही, प्रतीवरच काम करायचं आणि खालून चढत जायचं, हे तुम्ही मला टाइप करता करता सांगत होतात. एकेक टेबल बाहेर निघत गेलं. संकलनाच्या टेबलातले मधले सहा दिवस मिळाले नाहीत. ते आम्ही केंद्रांवरच्या पावत्यांवरून आणि उत्पादकांच्या पुस्तकांवरून भरले. बिल चार दिवस उशिरा निघालं, पण निघालं. गणपतीच्या तोंडावर घराघरांत पैसे गेले. यासाठी संस्थेनं तुमचा नारळ-शाल देऊन सत्कार केला, तो त्या दोन दिवसांचा होता. माझे आभार त्यानंतरच्या तीन आठवड्यांचे आहेत.

पुण्याला परत गेल्यावर तुम्ही एक तयार स्क्रिप्ट पाठवून मोकळ्या होऊ शकला असता. तुम्ही ती पाठवली नाहीत. रोज रात्री नऊला फोन करून माझ्याकडून एकेक ओळ लिहून घेतलीत, आणि प्रत्येक ओळीला विचारलंत, “ही नसली तर काय होईल?”

सुरुवात केलीत जुन्या स्क्रिप्टच्या पोस्टमॉर्टेमपासून. तिच्यात मायएसक्यूएलडम्पचा (हा डेटाबेसातलं सगळं एका फाइलीत उतरवतो, त्यालाच डम्प म्हणतात) माल पाइपनं, म्हणजे थेट जोडून, जीझिपला (हा फाइल दाबून लहान करतो) दिला होता. मे महिन्यात डेटाबेसचा पासवर्ड बदलला, तेव्हापासून डम्प रोज रात्री नकार मिळून बंद पडत होता. जीझिपला मात्र काहीच आलं नाही तरी चालतं. रिकामं आत गेलं की वीस बाइटची नीटनेटकी फाइल बाहेर येते. आणि शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, पाइपच्या शेवटच्या आज्ञेचाच निकाल धरतं, म्हणून स्क्रिप्ट म्हणायची, काम झालं. मधली कुठलीही आज्ञा फसली तरी काम फसलं असं धरायला लावणारी पाइपफेलची एक ओळ वर असती तर पहिल्याच रात्री कळलं असतं. तिच्याच खाली तीस दिवसांपूर्वीच्या फायली पुसणारी ओळ होती. तिनं एप्रिलपर्यंतच्या चांगल्या फायली एकेक करून पुसल्या, आणि मागे उरल्या त्या रिकाम्या. लेखापरीक्षणासाठी ३१ मार्चला पेनड्राइव्हवर काढलेली एक प्रत तेवढी उरली. आताच्या स्क्रिप्टमध्ये पुसण्याची ओळ अगदी शेवटी आहे, नवीन फाइल तपासून झाल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचताच येत नाही. फाइल आधी तात्पुरत्या नावानं तयार होते, जीझिपची तपासणी होते, डम्प पूर्ण झाल्याचा शेरा शेवटच्या ओळीत आहे का ते बघितलं जातं, आकार कालच्या फाइलच्या मानानं एकदम घसरला नाही ना ते बघितलं जातं, आणि मगच तिला खरं नाव मिळतं. ही क्रमवारी मला फार आवडते. दूध टाकीत घेण्याआधी तपासतात, नंतर नाही.

चालू डेटाबेसचा बॅकअप ही वेगळी गोष्ट आहे, हे मला एका संध्याकाळी चांगलंच कळलं. तुमच्या फोनची वाट न बघता मी सहाच्या संकलनात हातानं डम्प चालवला. चौदाही केंद्रांवरच्या नोंदी अडकल्या. माणसं किटल्या घेऊन रांगेत आणि पडद्यावर नुसतं गोल चक्र. साध्या डम्पनं टेबलांना कुलूप लावलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. विचारलंत, “शीतकरणाच्या टाकीत एकीकडून दूध पडतंय, दुसरीकडून टँकर भरतोय, आणि तुम्ही मोजपट्टी घातली. आलेला आकडा कुठल्या क्षणाचा?” डेटाबेस चालू असताना त्याच्या फायलींचा फोल्डर नुसता कॉपी केला तर तसंच होतं, एक फाइल सातची, दुसरी सात वाजून चार मिनिटांची, आणि दोन्हींचा मेळ नाही. कुलूप लावलं तर आकडा बरोबर येतो, पण संकलन थांबतं. सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिला की इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलची टेबलं साठवायची एक पद्धत, डम्प सुरू झाला त्या क्षणाचं चित्र डम्पला दाखवत राहतं. पुढे नोंदी बदलल्या तरी बदलण्याआधीची रूपं ते सांभाळून ठेवतं. केंद्रांचं काम चालू, डम्पचंही चालू.

आणि लगेच म्हणालात, “पण सगळी टेबलं इनोडीबीच आहेत का, ते बघा.” बघितलं. पशुखाद्याच्या उचलीचं टेबल जुनं, मायआयसॅम या जुन्या साठवण पद्धतीचं निघालं. त्याला त्या चित्राचं संरक्षण मिळत नाही, डम्प त्याच्यापर्यंत पोचेल तेव्हा जे असेल ते उचलतो. म्हणजे दूध एका क्षणाचं आणि खाद्य दुसऱ्या. तेही आपण बदलून घेतलं. डम्प चालू असताना टेबलाची रचना बदलायची नाही, हे प्रोग्रामवाल्यांनाही कळवलं. पहाटे अडीच ते साडेतीन त्यांनी अपडेट टाकायचे नाहीत, असं आता ठरलंय.

पासवर्ड तुम्ही स्क्रिप्टमधून काढायला लावलात, कारण आज्ञेच्या ओळीत लिहिलेला पासवर्ड चालू प्रक्रियांच्या यादीत दुसऱ्यांना दिसू शकतो. आता तो वेगळ्या फाइलीत आहे, ती फाइल फक्त बॅकअपचा युजर वाचू शकतो, आणि त्या युजरला डेटाबेसात काही बदलता येत नाही. ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉननं मला दोन रात्री जागवलं. हातानं चालवली की स्क्रिप्ट चालायची, क्रॉननं चालवली की नाही. क्रॉनला आपल्यासारखे सगळे पाथ माहीत नसतात, आज्ञेचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो, आणि क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं तर तिथे तो ओळ तोडतो. हे तुम्ही पहिल्याच मिनिटाला ओळखलं असणार. तरी मला शोधू दिलंत. तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. आज त्याबद्दलच जास्त आभार मानतो.

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, “आता परत आणून दाखवा.” जुन्या लॅपटॉपवर रिकामा डेटाबेस घेऊन त्यात फाइल ओतली. संकलन आलं, उत्पादक आले, सगळे आकडे जुळले. मी आनंदानं फोन केला. तुम्ही म्हणालात, बिल काढा. बिल निघेना. बिल काढणारं प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसातच ठेवलेला छोटा प्रोग्राम, डम्पमध्ये नव्हतंच. ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) न मागता येतात, प्रोसीजर आणि वेळापत्रकानं चालणारी कामं वेगळी मागावी लागतात. फाइल निर्दोष, तपासण्या सगळ्या पास, आणि तरी बिलाच्या दिवशी आम्ही पुन्हा हात बांधून बसलो असतो. त्या रात्री मी ती दोन ऑप्शनं लिहिली आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक वही घातली: तारीख, कुठली फाइल, रिस्टोअरला किती मिनिटं, किती नोंदी, बिल निघालं का.

निरोपाची पद्धतही तुम्ही उलटी करायला लावलीत. बिघडलं तर मेसेज, अशी माझी कल्पना होती. तेव्हा तुम्ही गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची हकिगत सांगितलीत. ३१ जानेवारी २०१७ला तिथल्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला. रोजचा डम्प बघायला गेले तर तो नव्हताच, कारण पोस्टग्रेसची, म्हणजे त्यांच्या डेटाबेस प्रोग्रामची, आवृत्ती जुळत नव्हती आणि डम्प बंद पडत होता. तसं कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. सहा तास आधी योगायोगानं घेतलेल्या एका प्रतीवर सगळं उभं करावं लागलं. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला शिकता आलं, असं तुम्ही म्हणालात. आता आमच्याकडे रोज पहाटे काम झाल्याचा मेसेज येतो, आकारासकट. साडेपाचपर्यंत आला नाही तर मी चहाआधी सर्व्हरकडे जातो.

एक गोष्ट तुम्हाला मी सुचवली, याचा मला अभिमान आहे. दुसरी प्रत तुम्ही बाजारपेठेतल्या आमच्या जुन्या ऑफिसात ठेवायला सांगितली होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी आलं होतं, २०२१च्या जुलैतही आलं. म्हणून आता ती प्रत माळावरच्या शीतकरण केंद्रात जाते, आणि तिसरी शनिवारी सचिवांच्या घरी. त्यात उत्पादकांचे बँक खाते क्रमांक आहेत, म्हणून दोन्ही प्रती कुलूपबंद करूनच बाहेर पडतात, आणि त्यांचा परवलीचा शब्द संस्थेच्या तिजोरीत पाकिटात आहे.

वहीचं तिसरं पान चालू आहे. काल महिन्यातला पहिला रविवार, म्हणजे रिस्टोअर करून बघायचा दिवस होता. शनिवार पहाटेची फाइल, रिस्टोअर १९ मिनिटं, बिल निघालं. नमुना म्हणून मी नेहमी तुमच्या आईंचंच खातं काढून बघतो. गेल्या दहा दिवसांत त्यांची म्हशीची फॅट वाढली आहे, हे त्यांनी फोनवर सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळवतो.

आपला,
संस्थेचा संगणक बघणारा