कुंभार्ली घाटातल्या त्या टेम्पोवाल्या दादांना

चिपळूणहून घाट चढून आलो, वर चहाला थांबलो आणि गाडी परत चालूच होईना. भर मे महिन्यातली दुपार, मागच्या सीटवर आई. तेव्हा आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो बाजूला घेऊन जे दादा उतरले, त्यांचे जाहीर आभार. नाव विचारायचं राहूनच गेलं.

जमलेल्यांपैकी प्रत्येक जण बॅटरीवर घसरला होता. (आपल्याकडे गाडी बंद पडली की पहिला आळ बॅटरीवरच.) दादा म्हणाले, "सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरीला कशाला बोल लावता? काटा बघा." सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलतही नव्हता. म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीतल्या कॉम्प्युटरला कळतच नाही, मग तो ना स्पार्क देणार ना पेट्रोल. संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय ही खबर कॉम्प्युटरला देणाऱ्या सेन्सरवर. आतली बारीक तार तापली की जोड सोडते, गार झाली की परत धरते. म्हणून सकाळी गाडी शहाण्यासारखी चालू होते. चहावाल्या मावशींनी माठातल्या पाण्यात फडकं भिजवून दिलं. दादांनी ते फक्त सेन्सरवर धरलं, तापलेल्या इंजिनवर थेंबही पडू दिला नाही. थोड्या वेळाने काटा थरथरला आणि गाडी चालू!

पाटणच्या गॅरेजमधल्या पोराचेही आभार. सेन्सर काढून त्याने मीटर लावला, हेअर ड्रायरने तापवला आणि सर्किट तुटताना मला दाखवलं. मगच नवा बसवला. मावशी, चहाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते अजून देणं आहे.