कपाटाची किल्ली मुलांकडे द्या

महोदय,

माझी नात गावातल्या चौथीपर्यंतच्या दोनशिक्षकी शाळेत शिकते. वेळापत्रकात चित्रकला, गाणी, खेळ सगळं आहे; त्या तासाला होतात मात्र पाढे. लेझीम पोत्यातून बाहेर निघते ती १५ ऑगस्टच्या आठवडाभर आधी. तेव्हा पोरं हाताला फोड येईस्तोवर नाचतात, आणि १६ तारखेला पोतं पुन्हा कोपऱ्यात.

गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट तर कुलूपबंदच. विचारलं, तर म्हणे ‘मुलं फाडतात’. अहो, वाळवीनं खाल्लेली चालतात, मग पोरांनी फाडली तर काय बिघडलं?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय आणि खेळाचं साहित्य हवं. कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीत पट शंभरावर असेल तरच. म्हणजे आमच्या लहानग्यांच्या वाट्याला ते येत नाहीत. गुरुजींवर माझा राग नाही. ऑनलाइन माहिती भरण्यातच त्यांचा अर्धा दिवस जातो.

पण गावात भजनी मंडळ आहे, पखवाजी आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर धावतात. शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून शनिवारी सकाळी त्यांना तासभर शाळेत बोलवावं. किल्ली चौथीतल्या दोन मुलींकडे द्यावी, वहीत नोंद त्याच ठेवतील. गटशिक्षणाधिकाऱ्यांनीही भेटीला आल्यावर आधी ती वही मागावी.

– एक आजोबा, ता. औसा, जि. लातूर